दोन रजिस्टरं

(मिरजेत ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, फक्त टाळ्या आणि खोकला गाळला.)



मी विद्यापीठात शिकलेलो नाही. दहावी पास, तीही गणितात काठावर. मुंबईच्या गोदीत माल उतरवतो. कधी लोखंडी कॉइल, कधी साखरेच्या गोणी, कधी डाळ. तेव्हा कॉलेजातलं आंदोलन, बोलायचं स्वातंत्र्य आणि पोलीस या विषयावर मला का बोलावलं, ते बोलावणाऱ्यांनाच ठाऊक. कविता लिहितो म्हणून बोलावलं असेल तर सांगतो, आज कविता वाचणार नाही. कविता वाचली की लोक वा वा म्हणतात आणि चहाला उठतात.

मागच्या रांगेत खिडकीपाशी साध्या कपड्यात एक साहेब वही घेऊन बसलेत. मघाशी त्यांनी माझं नाव, गाव, बापाचं नाव विचारून घेतलं. साहेब, मी हळू बोलतो, तुम्ही सावकाश लिहा. एकही शब्द सुटू देऊ नका. फक्त 'प्रक्षोभक' हा शब्द पदरचा घालू नका, एवढी विनंती. हसू नका रे. ते त्यांचं काम करतायत. त्यांच्याबद्दल मला पुढं बोलायचंच आहे.

काल रात्री महालक्ष्मीनं निघालो. जनरलच्या डब्यात दाराजवळ बसायला जागा मिळाली. पहाटे अंधारात मसूर मागं पडलं. या लाइनीवरनं येताना मी मसूरला झोपत नाही. १९०१ साली साताऱ्याची चार पोरं नवे कपडे घालून त्या स्टेशनवर उतरली होती. बापाला भेटायला गोरेगावला निघालेली. स्टेशनमास्तरनं आधी गोड चौकशी केली, जात कळल्यावर त्याचं तोंड बदललं. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेऊनही गाडी हाकायला तयार होईना. रात्रभर त्या पोरांना पाणी मिळालं नाही. त्यातला एक पोरगा नऊ-दहा वर्षांचा, भिवा. पुढं तो कोण झाला ते तुम्हाला सांगायला नको.

आणि त्याच्या आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० ला, तोच भिवा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाला. आज त्याला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर त्याची नोंद आहे. शाळेनं ते रजिस्टर जपून ठेवलंय. २०१७ साली सरकारनं हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, म्हणून तर आपण इथं जमलोय. त्या शाळेत तो घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचा, निराळा. शिपाई असेल तर वरनं ओतलेलं पाणी, शिपाई नसेल तर तहान. मी रोज खांद्यावर गोणपाट घेतो, मला त्याचा वास माहीत आहे. त्यावर बसून इंग्रजी कसं शिकत असेल, हे माझ्या अजून ध्यानात येत नाही.

तर हे एक रजिस्टर. यात आपलं नाव यावं म्हणून बापजाद्यांनी हाडं झिजवली.

दुसरं रजिस्टर पोलीस ठाण्यात असतं. आज मी त्याच्याबद्दल बोलायला आलोय. पहिल्यात नाव आलेल्या पोराचं नाव दुसऱ्यात कसं जातं, आणि एकदा गेलं की पहिल्यातलं नाव कसं फुकट जातं, एवढंच सांगायचं आहे. मोठं तत्त्वज्ञान माझ्यापाशी नाही.

माझा धाकटा भाऊ इथल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकत होता. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगितलं तर साहेबांची वही भरेल आणि भावाचं आणखी वाटोळं होईल. बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. आमच्या वस्तीत पोरगा बारावी झाला की त्याच्यापुढं एकच वाट असते, भरती. पोलीस भरती. तुमच्याकडंही तेच. पहाटे पाचला कुठल्याही मैदानावर जा, अंधारात धापा टाकणारी पोरं दिसतील. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. पन्नास मार्क मैदानाचे, शंभर लेखीचे. दूध परवडत नाही म्हणून भिजवलेले हरभरे खाऊन पळतात. माझा भाऊ तसाच पळायचा.

त्या वर्षी कॉलेजनं शिष्यवृत्तीच्या पोरांकडनं पूर्ण फी आधी भरा म्हणून तगादा लावला. सरकारचे पैसे आले की परत देऊ म्हणाले. भारत सरकार शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या पोराकडनं फी अडवून धरायची नाही, असा सरकारचाच निर्णय आहे. पोरांनी तो छापून नेला. ऑफिसातल्या माणसानं न वाचता परत दिला. परीक्षेचा फॉर्म अडला. तेव्हा अकरा पोरं गेटाशी बसली. दगड नाही, काच नाही. एका पुठ्ठ्यावर 'फी नाही, फॉर्म द्या' एवढं लिहिलेलं. दुपारी गाडी आली. पोरांना वाटलं, बोलायला साहेब आले.

जिल्ह्यात जमावबंदी होती. पोरांना माहीत नव्हतं. कुणाला माहीत असतं? १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम ३७, पोटकलम १ आणि ३. हा आकडा पाठ करून ठेवा, पाढ्यासारखा. पाच किंवा जास्त माणसांनी जमायचं नाही, मिरवणूक काढायची नाही, जाहीर घोषणा द्यायच्या नाहीत. कलम वाचलंत तर गाणी म्हणणं, वाद्य वाजवणं हेसुद्धा त्यात सापडेल. मिरजेच्या माणसांनी त्यावर विचार करावा. या गावात भोपळ्याला तारा लावून बोलतं करतात, आणि गेटाशी बसलेल्या पोराला गप्प करायला कलम आहे. हा हुकूम पंधरा दिवसांचा असतो. पंधरा दिवस संपले की पुष्कळ जिल्ह्यांत नवा निघतो, कारण सण असतो, जयंती असते, निवडणूक असते, कुणाचा तरी दौरा असतो. म्हणजे कागदावर बंदी तात्पुरती, आणि जगण्यात बारमाही. लग्नाच्या वरातीला ती लागत नाही. मोडली तर कलम १३५.

अकरा जणांवर केस झाली. मोठी नाही. मारहाण नाही, कोठडी नाही, हेही खरं सांगितलं पाहिजे. संध्याकाळी सोडलं. एका हवालदारानं चहाही पाजला. पण नाव लिहून घेतलं.

आता नीट ऐका, इथं आपली पोरं बुडतात. कोर्टाची तारीख आली. वकिलाला द्यायला पैसे नव्हते. कोर्टाच्या दारात एक माणूस असतोच, सगळं जाणणारा. तो म्हणाला, "कबूल करा, दंड भरा, जेवणाच्या आत घरी." अकरा पोरांनी कबूल केलं. किरकोळ दंड. पोरं हसत घरी आली, सुटलो म्हणून. अरे, सुटला नव्हतात. गुन्हा कबूल करून दंड भरला याचा अर्थ शिक्षा झाली. कोर्टानं तुम्हाला दोषी ठरवलं. निर्दोष सुटण्याची वाट होती ती तुम्ही स्वतःच्या हातानं बंद केली. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. कॉलेजनं नाही, पोलिसानं नाही, आपल्या पुढाऱ्यानंही नाही. पुढारी त्या दिवशी फोटोला होते. तारखेला नव्हते. हे कडू आहे पण आपल्या घरातलं आहे, म्हणून इथंच बोलतो. आपल्यात भाषण ठोकणारा निराळा असतो आणि केस अंगावर घेणारा निराळा.

दोन वर्षांनी भाऊ भरतीत बसला. मैदान काढलं, लेखी काढली, यादीत नाव लागलं. आईनं वस्तीत पेढे वाटले. मग पडताळणीचा फॉर्म आला. कधी अटक झाली होती का, खटला भरला होता का, दंड झाला होता का, शिक्षा झाली होती का. त्यानं मला गोदीत फोन केला, "दादा, काय लिहू?"

मी सांगितलं, "नाही लिही."

हे मी कुठं लिहिलेलं नाही, आज पहिल्यांदा बोलतोय. मला वाटलं, पुठ्ठ्यासाठी झालेला दंड, कोण बघतंय? बघणारे बघतात. दुसऱ्या रजिस्टरातनं नाव निघालं. माहिती दडवली म्हणून निवड रद्द. गुन्ह्यापायी नाही, दडवल्यापायी. आई म्हणाली, "बोलायचं ते घरात बोलायचं हुतं रं. भाईर बोललं की कागदावर येतंय." आज भाऊ गोदीच्या गेटाबाहेर ट्रान्सपोर्टच्या गाळ्यावर भरणी करतो. आत येता येत नाही, कारण आत यायला पास लागतो आणि पासालाही पोलीस पडताळणी लागते. मी आत, तो बाहेर. दुपारी भिंतीपाशी डबा खातो.

नंतर एका वकिलानं सांगितलं की २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग खटल्यात याच गोष्टीवर निकाल दिलाय. त्यात म्हटलंय की माहिती खरीच द्यावी, पण तरुण वयात घोषणा दिल्या असल्या किरकोळ प्रकरणात माहिती दडवली गेली तरी नेमणूक करणारा ते सोडून देऊ शकतो. म्हणजे आमच्या भावाचंच वर्णन. 'शकतो' म्हटलंय, 'सोडलंच पाहिजे' नाही. तेवढ्या एका शब्दासाठी वरच्या कोर्टात जायचं तर पैसे कुठनं आणणार? तरी हा निकाल ठाऊक असता तर मी "खरं लिही, सोबत अर्ज जोड" असं सांगितलं असतं. मला ठाऊक नव्हतं. मोठी कोर्टं आपल्या बाजूनं बोलतात तेही आपल्यापर्यंत पोचत नाही.

तुम्ही म्हणाल, हे खेड्यातल्या कॉलेजचं झालं. तर मोठ्यातल्या मोठ्या संस्थांचं बघा.

मी गोवंडीला राहतो. शेजारी देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथले विद्यार्थी वह्या घेऊन आमच्या वस्त्यांत येतात, घरात किती माणसं, संडास कुठं, पाणी किती वाजता. आमच्यावर प्रबंध झाले. त्याबद्दल राग नाही, पोरं चांगली असतात. तिथं रामदास नावाचा केरळचा एक दलित पोरगा पीएचडी करत होता. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत सरकारच्या शैक्षणिक धोरणाविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात तो गेला. बॅनरवर संघटनेच्या नावासोबत संस्थेचं नाव होतं. आनंद पटवर्धनांचा 'राम के नाम' बघा असंही त्यानं लिहिलं, जो सिनेमा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आणि दूरदर्शननं दाखवलेला. एप्रिल २०२४ मध्ये संस्थेनं त्याला दोन वर्षं निलंबित केलं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं संस्थेची बाजू उचलून धरली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणून त्याला अभ्यास पुरा करू दिला. वर्षाहून जास्त गेलं. आणि त्याच संस्थेनं २०२४ मध्ये नव्या विद्यार्थ्यांकडनं घ्यायच्या हमीपत्रात राजकीय, प्रस्थापितविरोधी चर्चा आणि धरणी यांत भाग घेणार नाही, असं घातल्याचं बाहेर आलं. समाजाचं विज्ञान शिकायचं आणि समाजाबद्दल गप्प बसायचं. आमच्या मुकादमालाही असलं हमीपत्र सुचलं नव्हतं.

पुण्याला चला. २०१५ साली फिल्म इन्स्टिट्यूटची पोरं १३९ दिवस संपावर होती. ऑगस्टमध्ये मध्यरात्री पोलीस आत शिरले आणि पाच जणांना उचललं. दिवस नव्हता का? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीला करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीवर पोरांनी नाटक बसवलं. परीक्षेचा प्रयोग. मंचावर घुसून तो बंद पाडला, आणि अटक कुणाला? विभागप्रमुखाला आणि पाच विद्यार्थ्यांना. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला, आणि त्याच दिवशी केंद्रात घुसून तोडफोड झाली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या एकोणीस वर्षांच्या काश्मिरी मुलीनं भारत-पाकिस्तान लढाईवरची एक पोस्ट पुढं पाठवली, चूक कळल्यावर दोन तासांत काढली, माफी मागितली. कॉलेजनं बाजू न ऐकता नाव काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. तिला येरवड्यातनं बाहेर काढून परीक्षेला बसवायला उच्च न्यायालय लागलं. पोरीचं आयुष्य उद्ध्वस्त करताय का, असं न्यायमूर्तींनी सरकारलाच सुनावलं.

या सगळ्यांची मतं मला पटतात का? सगळी नाही. काश्मीरच्या पोरीनं पाठवलं ते मला आवडलंही नसतं. पण न आवडलेलं बोलणाऱ्याला वर्गात उत्तर द्यायचं की तुरुंगात टाकायचं, हा प्रश्न आहे. वर्गात उत्तर द्यायला मास्तर लागतो. तुरुंगात टाकायला मास्तर कशाला?

आता आपलं जुनं आठवा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केला. विधिमंडळानं. चोरून नाही. त्यावर मराठवाड्यात घरं जाळली, माणसं मारली. पोचिराम कांबळे गेला. १९७९ ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. पोरांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला पाटी बदलली, तीही अर्धी जुनी ठेवून. एका पाटीवर एक नाव लिहायला साडेपंधरा वर्षं. आणि पाटी-कमानीचं दुखणं संपलेलं नाही, हे आपल्या मिरज तालुक्याला सांगायला नको. बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली म्हणून २०२३ च्या जुलैत बेडगची माणसं बायकापोरांसह मुंबईकडं पायी निघाली होती.

माझा बाप नामांतराच्या जेलभरोत दोनदा आत गेला. सांगायचा, आत जायला रांग लागायची, सोडलं तर पोरं नाराज व्हायची. मी त्याला विचारलं, तुम्हाला भीती नव्हती? म्हणाला, "भ्या कशाचं? सुटून आलो की हजेरीला उभा." बाप गोदीत कायम होता. मागं युनियन होती. मुकादम विचारायचा, कुठं होतास? तुरुंगात. बरं, उचल हुक. मी कंत्राटी. मला एक खाडा झाला तर माझ्या जागी दुसरा उभा असतो. आजची पोरं भित्री झाली म्हणणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यांना मला हे सांगायचंय. पोरांच्या काळजात पाणी तेवढंच आहे. कागद वाढलाय. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात तर असंही विचारतात की कुठल्या विद्यापीठानं तुम्हाला काढून टाकलं होतं का. म्हणजे प्राचार्यानं चिडून काढलेलं एक पत्र जन्मभर मागं येतं. श्रीमंताच्या पोराला ते लागत नाही, त्याला बापाचा धंदा आहे, परदेश आहे. सरकारी नोकरी हाच ज्याचा सातबारा, त्याच्या मानेवर हा कागद बसतो. एकदा एका पोरावर केस केली की पुढची पाच वर्षं त्या कॉलेजात कुणी तोंड उघडत नाही. लाठीचा खर्चही वाचतो.

आणि बोलायची सरळ वाट तरी कुठं ठेवलीय? १९९४ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्यात परत आल्या त्या कागदावर, आणि वर्षामागनं वर्षं पुढं ढकलल्या. जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यात संघटनाच बेकायदा ठरवायची सोय. आज ७ नोव्हेंबर म्हणून शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा झाल्या असतील. बोललेल्या पोराला प्रमाणपत्र मिळालं असेल. तेच त्यानं उद्या गेटाशी बोलावं.

आता मागच्या रांगेतले साहेब. साहेब, तुम्ही मघाशी गाव विचारलंत तेव्हा मीही तुमचं विचारलं. आमच्यापासनं दोन कोस. तुम्हीही पहाटे पळालेलेच असणार. माझा भाऊ भरती झाला असता तर आज तोच तुमच्या खुर्चीवर वही घेऊन बसला असता, आणि मी इथं हेच बोललो असतो. मग त्यानं काय लिहिलं असतं, याचा मी काल गाडीत पुष्कळ विचार केला. उत्तर सापडलं नाही.

बोलणं लांबलं. कामाचं सांगतो आणि बसतो. मंत्री यायच्या आधी नोटीस येते, पूर्वी १४९ ची यायची, १ जुलै २०२४ पासनं नव्या संहितेत तिचा आकडा १६८ आहे. घ्या, पोच द्या, प्रत ठेवा. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. केस झाली तर वकिलाशिवाय कबुली देऊ नका, दंड कितीही बारीक असो. ऐपत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं जा, अनुसूचित जातीच्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले खटले मागं घ्यायचे सरकारी निर्णय अधनंमधनं निघतात. जीवितहानी नसावी, पाच लाखांवर नुकसान नसावं, अशा अटी असतात. पुठ्ठा धरून बसलेला पोरगा त्यात बसतो. पण अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही. आणि फॉर्मवर खरं लिहा. मी सांगितलं ते लिहू नका.

ज्यांच्यावर केस आहे त्यांनी सभा सुटल्यावर थांबा. सांगलीहून दोन वकील आलेत, त्या कोपऱ्यात टेबल टाकलंय. एफआयआरची प्रत आणली असेल तर उत्तम, नसेल तर गुन्हा नंबर आणि तारीख तरी सांगा. माझी गाडी रात्रीची आहे, तोवर मी नावं लिहून घ्यायला बसतो.